आत्याबरोबर अंत्रुजात चार दिवस

पहिला दिवस : १५ जानेवारी

किंक्रांतीला प्रवासाला निघू नये, हे मला लहानपणी आत्यानंच शिकवलं. यंदा किंक्रांतीच्याच दिवशी सकाळी साडेसहाला ती सावंतवाडीच्या घराच्या पायरीवर मांडीत पिशवी घेऊन तयार बसलेली. मी आठवण करून दिली तर म्हणाली, "गाडीवाल्याला हेच चार दिवस मोकळे. करिदिन त्याला समजावून सांग." पिशवीत ओटीचा खण, दोन नारळ, घरचे तांदूळ, तिळगुळाचा डबा आणि गुडघ्याला चोळायचं तेल.

जाण्याचं कारण मात्र दादाचं. दादा पुण्यात असतो. सावंतवाडीचं घर विकून टाकावं असं त्याला गेली चार वर्षं वाटतंय. आजोबांनी जाण्याआधी ते घर आत्याच्या नावावर केलं आणि ती त्यात एकटी राहते. वय पंच्याहत्तर, गुडघे गेलेले, माळ्याला वाळवी, पावसाळ्यात चार ठिकाणी टोपल्या ठेवाव्या लागतात. दादाचं म्हणणं चुकीचं नाही. पण आत्याला तोंडावर "घर वीक" म्हणायची त्याची छाती होत नाही. म्हणून त्यानं तोडगा काढला की कुलदेवीला कौल लावायचा आणि ती सांगेल तसं करायचं. मला फोनवर म्हणाला, "देवीचं ती ऐकेल गं. आजवर ऐकत आलीच आहे."

हे वाक्य मला खुपलं. आमच्या घरात सगळ्यांना माहीत असलेली आणि कोणी मोठ्यानं न बोलायची अशी एक गोष्ट आहे. १९७२ साली आत्याचं लग्न मडगावच्या एका शिक्षकाशी जवळजवळ ठरलं होतं. पत्रिका जुळली होती, देण्याघेण्याचा प्रश्न नव्हता, आणि त्या काळाच्या मानानं विशेष म्हणजे दोघं एकमेकांना आवडलेही होते. रीत म्हणून देवीला प्रसाद लावला, तर पाकळी डावीकडून पडली. लग्न मोडलं. आत्यानं पुढे लग्नच केलं नाही. छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत पोरांना बाराखडी शिकवली. कौल आजोबांनी लावला आणि किंमत आत्यानं मोजली, असं माझं कितीतरी वर्षांचं मत. ते मत घेऊनच मी गाडीत बसले.

गोव्यात आणि तळकोकणात ज्यांचं दैवत नाही त्यांच्यासाठी कौल किंवा प्रसाद लावणं म्हणजे काय ते सांगते. देवाच्या मूर्तीवर ठरलेल्या जागी पाण्यानं ओल्या केलेल्या पाकळ्या किंवा कळे चिकटवतात. पुजारी गाऱ्हाणं घालतो, तुमचा प्रश्न देवापुढे मांडतो आणि सगळे वाट बघत बसतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कधी दोन मिनिटांत पडते, कधी तास जातो. लग्न, जमीन, नोकरी, भावाभावांची वाटणी, सगळं असं विचारलं जातं. ओलं फूल वाळलं की पडणारच, हे विज्ञान मलाही येतं. ते तिथे उभं राहून आठवत नाही एवढंच.

आमच्या देवळाचं नाव मात्र या लेखात येणार नाही. "देवीची जाहिरात नको, आपली तर नकोच," असं आत्याचं सांगणं. अंत्रुजात आहे, म्हणजे फोंडा तालुक्यात, इतकं पुरे.

बांदा गेलं, पत्रादेवी आली. स्मारकापाशी आत्यानं चालत्या गाडीतून हात जोडले. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रही इथून गोव्यात शिरले आणि पोर्तुगीज पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. हात उगारायचा नाही, एवढी एकच आज्ञा घेऊन ती माणसं पुढे चालत राहिली. आत्या तेव्हा पाच वर्षांची. त्या रात्री घरात कोणी जेवलं नाही एवढंच तिला आठवतं, आणि आपल्याला भूक लागली होती हेही.

म्हापसा, पर्वरी, पणजी यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. वाहतूक कोंडीचं वर्णन कोणाला वाचायचंय? बाणस्तारीचा पूल ओलांडला आणि आत्या सावरून बसली. इथून पुढे तिच्या लेखी गोवा.

मंगेशीला गर्दी होती. हा देव मूळचा कुठ्ठाळचा, जुन्या कुशस्थळीचा. १५६० च्या सुमारास पोर्तुगिजांच्या धाकानं भक्तांनी लिंग हलवलं आणि जुवारी नदी ओलांडून इथे प्रियोळला आणलं. अंत्रुज तेव्हा पोर्तुगिजांकडे नव्हतं, आदिलशाहीत होतं. तिसवाडी-साष्टीतले कितीतरी देव असे नदीपार येऊन या डोंगरांच्या कुशीत बसले. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, रामनाथ लोटलीहून बांदिवड्याला. आणि देव हलले तरी सगळी माणसं हलली नाहीत. काही मागे राहिली, बाप्तिस्मा घेतला, जमिनी राखल्या. काहींनी जमिनी सोडल्या आणि देव राखला. एकाच घरातले दोन भाऊ दोन तीरांवर. कोणाचा तोटा मोठा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

म्हार्दोळला संध्याकाळ झाली. तिथल्या घंटेची गोष्ट आत्यानं मला लहानपणापासून शंभरदा सांगितली असेल. पूर्वी त्या घंटेला लोलक लावलेला नसायचा. कोणाला देवीसमोर साक्ष द्यायची असेल तेव्हाच तो लावत. घंटा वाजवून जो खोटं बोलेल तो तीन दिवसांत मरेल, अशी श्रद्धा. फिरंग्यांचं कोर्टसुद्धा ती साक्ष मानत असे, असं सांगतात.

रात्री आमच्या देवळाच्या अग्रशाळेत खोली मिळाली. पिशवी उघडली तर तेलाची बाटली गळून ओटीचे सगळे तांदूळ तेलकट झालेले. मी चुकचुकले. आत्या तांदूळ हुंगून म्हणाली, "असू दे. तीसुद्धा नदीपलीकडून चालत आलेली. तिचेही गुडघे दुखत असतील."

दुसरा दिवस : १६ जानेवारी

आत्याची एक मैत्रीण वास्कोला असते. मूळची वाडीचीच, ख्रिस्ती. दोघींनी सावंतवाडीला एकत्र डी.एड. केलं, ती लग्न होऊन इकडे आली. अजून एकमेकींना "बाई" म्हणतात. बाईंचा आग्रह होता की १६ तारखेला सांकवाळला यावं, कारण त्या दिवशी संत जोझे वाझ यांचं फेस्त.

सांकवाळ म्हणजे जुनं शंखवाळी. इथलाच लक्ष्मीनृसिंह नदीपार वेलिंगला गेला. जुवारीच्या काठाला जुन्या इगर्जीचा, म्हणजे चर्चचा, नुसता दर्शनी भाग उभा आहे. १९व्या शतकातल्या आगीत बाकी सगळं गेलं. चुन्याची पांढरी नक्षीदार भिंत, मधे दार, आणि दारातून आत जावं तर आतही आकाशच.

पुढे फेस्ताच्या मांडवात ही गर्दी. कोकणीतून प्रवचन चाललं होतं. मला निम्मं कळत होतं, निम्मं बाई कानाशी लागून मराठीत सांगत होत्या. जोझे वाझ १६५१ साली बाणावलीला आजोळी जन्मला, वडिलांचं गाव हे सांकवाळ. पाद्री झाल्यावर १६७७ साली त्यानं इथेच सायबिणीसमोर, म्हणजे मारियामातेसमोर, स्वतःला तिचा गुलाम म्हणून लिहून दिलं. रीतसर दासपत्र. त्याला जायचं होतं सिलोनला, कारण तिथे डचांनी कॅथलिक पाद्रींना बंदी केली होती आणि लोक वर्षानुवर्षं पाद्रीविना होते. वरिष्ठांनी मात्र १६८१ साली त्याला कानडा मुलखात पाठवलं. तो मुकाट गेला. तिथलं काम केलं, परत आला, आणि १६८७ ला हमालाच्या वेशात सिलोनला पोहोचला. उतरला तो आजारानं मरणाच्या दारात. पुढे कँडीच्या राजानं पोर्तुगिजांचा हेर समजून तुरुंगात टाकलं. बसल्या बसल्या सिंहली शिकला. देवी रोगाच्या साथीत लोक आपल्या माणसांना रानात टाकून पळाले तेव्हा हा त्यांची सेवा करत राहिला. १६ जानेवारी १७११ ला तिथेच गेला, गोव्याला पुन्हा आलाच नाही. पोप फ्रान्सिस यांनी १४ जानेवारी २०१५ ला कोलंबोत त्याला संत म्हणून जाहीर केलं.

"याचं मला पटतं," मी बाईंना म्हटलं. "यानं आपलं आपण लिहून दिलं आणि आपलं आपण फेडलं."

"आणि कोणाचं नाही पटत?"

मी आत्याकडे बघायचं टाळलं आणि म्हटलं, "अब्राहामाचं." मिशनच्या शाळेत शिकल्यामुळे ती गोष्ट मला पाठ आहे. देव म्हणतो, तुझा लाडका मुलगा घे आणि मोरियाच्या डोंगरावर माझ्यासाठी त्याचं होमार्पण कर. म्हातारा पहाटे उठतो, गाढवावर खोगीर चढवतो, लाकडं तोडतो. तीन दिवसांची वाट. लाकडं इसहाकाच्याच खांद्यावर दिलेली. पोर विचारतं, बाबा, विस्तव आहे, लाकडं आहेत, कोकरू कुठे? आज्ञा बापाला, परीक्षा बापाची, आणि सुरीखाली कोण?

बाई हसल्या. "आमचे पाद्रीबाब दर वर्षी ही गोष्ट सांगतात. मी दर वर्षी मनात म्हणते, साराला कोणी विचारलं का? आई होती ना ती! पहाटे बाप-लेक निघाले तेव्हा ती झोपलेली होती की चुलीपाशी होती, एक ओळ नाही."

"आमच्या चांगुणेला तर विचारलं," आत्या म्हणाली. "विचारलं म्हणजे काय, सांगितलं. पाहुण्याला नरमांस हवं, तेही एकुलत्या एका पोराचं. चिलयाचं डोकं आईनं उखळात घालून कांडायचं, वर गाणं म्हणायचं आणि डोळ्यांतून टिपूस काढायचं नाही. अब्राहामाचा हात तरी देवदूतानं वरच्या वर धरला. हिचा कोणी धरला नाही."

"पण चिलया परत आला ना," मी म्हटलं. "शंकरानं उठवला. इसहाकही घरी आला. गोष्टीतल्यांचं सगळं परत मिळतं. खऱ्या माणसांना काय मिळतं?"

यावर दोघी काही बोलल्या नाहीत. बाईंनी पिशवीतून फेस्तातले भाजलेले चणे काढले आणि तिघींच्या हातावर दिले. निघताना म्हणाल्या, "देव बरें करूं." आत्यानं त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. दोन म्हाताऱ्या एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी करत पाच मिनिटं गाडीच्या दारात उभ्या होत्या.

परतताना वेर्ण्यावरून आलो. म्हाळसेच्या मूळ जागी आता पुन्हा देऊळ उभं आहे. म्हार्दोळची देवी म्हार्दोळलाच राहिली. साडेचारशे वर्षं एका जागी राहिल्यावर कोण परत जातं?

तिसरा दिवस : १७ जानेवारी

सकाळी फोंड्यात पातळभाजी आणि उंडे खाऊन फातर्प्याला निघालो. वाटेत मडगाव. शहरात शिरताना आत्यानं ड्रायव्हरला विचारलं, "झिला, कोंब कुठे आलं?" त्यानं रेल्वेरुळांच्या बाजूला हात केला. "बरं," म्हणाली आणि संत्रं सोलायला घेतलं. सगळ्या फोडींचे दोरे काढून तिनं ते मला दिलं, स्वतः एकही फोड खाल्ली नाही.

कुंकळ्ळीला थांबलो. या गावाची गोष्ट एका बाजूनं सांगता येत नाही. देवळं पाडली गेली होती, गाव धुमसत होता. अशात जुलै १५८३ मध्ये पाच जेझुइट मिशनरी इथे आले. त्यांच्यातला रुडॉल्फ अक्वाविव्हा नुकताच अकबराच्या दरबारातून परतला होता. गावकऱ्यांनी पाचही जणांना मारलं. मग फिरंग्यांनी गावच्या १६ गांवकारांना बोलणीसाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि दगा करून १५ जणांना ठार केलं. एकानं नदीत उडी टाकली, तो कारवारला निघून गेला. त्या पाच मिशनऱ्यांना चर्चनं १८९३ ला धन्य ठरवलं. गांवकारांचं स्मारक गावात आहे. दोन्हीकडच्यांना वाटलं असणार की आपण देवाचंच ऐकतोय.

गावाची देवी शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण फातर्प्याला नेली. आजही नाव कुंकळ्ळीकरीणच. आणि शिगम्यात पंचमीला ती सोत्र्यांच्या मिरवणुकीनं आपल्या जुन्या गावी येते. १२ वांगडांच्या, म्हणजे घराण्यांच्या, १२ छत्र्या, गुलालानं लाल झालेला रस्ता, आणि त्या वांगडांतले ख्रिस्ती झालेले वंशजही छत्र्यांच्या मानात सामील.

फातर्प्याच्या देवळाबाहेर चाफ्याखालच्या कठड्यावर बसलो होतो. सावली चांगली होती, वारा होता. मी शेवटी बोललेच. "आत्या, आजोबांनी तुझ्यावर अन्याय केला असं मला वाटतं. विचारलं त्यांनी आणि भरलंस तू."

ती माझ्याकडे असं बघत राहिली, जसं पाढा चुकलेल्या पोराकडे बघत असेल.

"तुला कोणी सांगितलं अण्णांनी विचारलं म्हणून? मी विचारलं. अण्णा तर म्हणाले होते, कशाला, सगळं जुळलंय. मलाच वाटलं देवीला विचारल्याशिवाय कसं निघायचं. गाभाऱ्यासमोर मीच उभी होते. भटजींनी गाऱ्हाणं घातलं ते माझ्या नावानं."

मी गप्प. पन्नास वर्षांचं माझं मत संत्र्याच्या सालासारखं हातात.

"डावी पडली तेव्हा अण्णांचाच चेहरा उतरला. म्हणाले, पुन्हा लावूया. तीनदा लावतात लोक, रीतच आहे. मी नको म्हटलं."

"का?"

"एकदा विचारलं ना? ऐकायचं नसेल तर विचारू नये. हवं ते उत्तर येईपर्यंत विचारायचं, मग देवीला कशाला त्रास? नाणं उडवावं."

मग थोड्या वेळानं, स्वतःशीच बोलावं तसं, "रडले नाही असं समजू नकोस. सहा वर्षं मी देवळात पाऊल ठेवलं नव्हतं. रुसले होते. नवरात्रात सगळे यायचे, मी घरी राहून पिठलं-भात करून खायचे. पण तिचं मोडलं नाही. रुसणं वेगळं, मोडणं वेगळं."

आमच्या नातेवाइकांत या गोष्टीचा एक शेपूट आहे: बरं झालं बाई, तो माणूस पुढे कसा निघाला असता कोण जाणे, देवीनं वाचवलं. मी तेही विचारलं. आत्या जराशी चिडली.

"कसा निघायचाय? चांगला निघाला. हेडमास्तर झाला, दोन मुलगे शिकवले, बायकोला फुलासारखं ठेवलं. गेला चार वर्षांपूर्वी. लोकांना वाटतं तो दारुडा निघाला असता म्हणजे कौल खरा. तसलं काही झालं नाही. देवीनं का नको म्हटलं ते मला आजतागायत कळलेलं नाही."

"राग येत नाही?"

"येतो की. तिला सांगते मी. बघ आज संध्याकाळी पण सांगेन." आणि उठता उठता कठड्याला धरून, "आई गं, हे गुडघे!"

चौथा दिवस : १८ जानेवारी

सकाळी आठला देवळात. फोंड्याच्या बाजारातून नवे तांदूळ आणलेले. आमच्या आधी कौलाला एक कुटुंब होतं: पंचविशीचा मुलगा, त्याची आई, मामा. पोराला बोटीवर नोकरी लागली होती, जाऊ की नको. भटजींनी पाकळ्या लावल्या. काळ्या पाषाणावर लाल पाकळ्या, दोन्हींच्या कडेला पाण्याचा बारीक थेंब. समईच्या उजेडात तो थेंब आधी चमकला, मग सुकत सुकत दिसेनासा झाला. मुलगा मूर्तीकडे बघत नव्हता, आईच्या चेहऱ्याकडे बघत होता. अकरा मिनिटं. डावी पडली. आई म्हणाली, "परत लाया." पुन्हा डावी. तिसऱ्या खेपेला उजवी पडली आणि मामानं खिशातून दक्षिणेचं पाकीट काढलं. आत्या माझ्या कानात म्हणाली, "कंटाळली बिचारी."

आमचा नंबर आला. भटजींनी विचारलं, "कितें विचारपाचें?"

दादानं प्रश्न व्हॉट्सॲपवर लिहून पाठवला होता, नीट, मुद्द्यांत. मी फोन काढला. आत्यानं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"काही विचारायचं नाही," ती भटजींना म्हणाली. "ओटी भरायची आहे."

तिनं ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. मग डोकं टेकून बराच वेळ काहीतरी पुटपुटली, एकदा आवाज थोडा चढलाही. काल म्हणालेली ते सांगत असावी. मी मागे उभी होते, ऐकू आलं नाही आणि ऐकायचंही नव्हतं.

बाहेर तळीच्या पायऱ्यांवर मी विचारलं, आता दादाला काय सांगू.

"दे इकडे, मी सांगते." तिनं फोन घेतला. "हां बाळा. नाही, नाही लावला. अरे, लावला असता आणि उजवा पडला असता तर मला घर सोडायला लागलं असतं. मग मी सोडलंही असतं. आणि मला सोडायचं नाही. म्हणून विचारलंच नाही." पलीकडून दादा काहीतरी बराच वेळ बोलत होता, माळा, वाळवी, गुडघे ऐकू येत होतं. आत्या "हां, हां" करत तळीतले मासे बघत होती.

"ते सगळं खरं रे," ती शेवटी म्हणाली. "कौल राहू दे. पावसाच्या आधी कौलं परतून घ्यायला हवीत, त्याचे पैसे तेवढे पाठव."